‘प्रिव्हेंट’, ‘बॅन’, ‘एक्सक्लूड’: कुठे कोणतं लिहायचं? इंग्रजी मसुदे लिहायला नव्याने बसलेल्यांसाठी

काटोल, उमरेड, भंडाऱ्याकडून मराठी शाळा संपवून नागपुरात आलेल्या पोरापोरींना पहिल्याच नोकरीत इंग्रजीत लिहावं लागतं. कोणी कोर्टात ज्युनिअर म्हणून लागतं, कोणी मिहानमधल्या कंपनीत, कोणी दवाखान्याच्या काउंटरवर, कोणी ठेकेदाराच्या ऑफिसात टेंडर भरायला. मीही त्याच वाटेने आले. आता सिव्हिल लाइन्समध्ये अर्ज, नोटिसा, शपथपत्रं इंग्रजीत करून देते, आणि तपासायला येणाऱ्या मसुद्यांत माझी सगळ्यात जास्त लाल शाई एकाच घराण्यातल्या क्रियापदांवर जाते: रोखणं, टाळणं, वगळणं, मनाई करणं.

शब्दांचे अर्थ सगळ्यांना येतात, अडचण तिथे नाहीच. ‘प्रिव्हेंट’, ‘प्रोहिबिट’, ‘बार’, ‘प्रिक्लूड’ या सगळ्यांपुढे इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘प्रतिबंध करणे’ लिहिलेलं असतं. तेवढं पाठ करून वाक्य जमत नाही. यातलं प्रत्येक क्रियापद आपापली शेपटी घेऊन येतं. कोणाला ‘फ्रॉम’ लागतो, कोणाला ‘टू’, कोणाला नुसतं नाम. क्रियापद शेपटीसकट लक्षात ठेवलं की निम्म्याहून जास्त काम झालं.

आधी हाताशी काय हवं

- मोबाइलवर एक लर्नर्स डिक्शनरी. इंग्रजी-मराठी शब्दकोश पुरत नाही, कारण तो शेपटी दाखवत नाही. लर्नर्स डिक्शनरीत अर्थासोबत ‘प्रिव्हेंट समबडी फ्रॉम डुइंग समथिंग’ अशी ओळ असते. आपल्याला तीच पाहिजे.
- भारताच्या संविधानाची इंग्रजी प्रत. या घराण्यातल्या क्रियापदांची इतकी चोख वाक्यं एका ठिकाणी दुसरीकडे मिळणं कठीण.
- ऑफिसातला एखादा जुना, मंजूर झालेला मसुदा. मात्र तो डोळे झाकून उतरवू नका. जुन्या फाइलीतल्या चुका वीस-वीस वर्षं कॉपी-पेस्ट होत येतात आणि कोणी विचारलं की ‘आपल्याकडे असंच लिहितात’ असं उत्तर मिळतं.
- एक वही. डाव्या बाजूला क्रियापद, उजव्या बाजूला पूर्ण वाक्य. मराठी अर्थाचा रकाना ठेवूच नका.

१. मराठीतला ‘नये’ आधी बाजूला काढा

‘पोरं गच्चीवर जाऊ नयेत म्हणून दाराला कुलूप लावलं.’ मराठीत हा ‘नयेत’ लागतोच. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या पोटातच असतो: ‘वी लॉक्ड द डोअर टू प्रिव्हेंट द चिल्ड्रन फ्रॉम गोइंग अप.’ यात ‘नॉट’ कुठेही नाही. मराठीतून विचार करणारा हात मात्र हमखास लिहितो, ‘प्रिव्हेंटेड देम नॉट टू गो’.

घरच्या चिठ्ठीत ही चूक खपून जाईल, कोर्टाच्या अर्जात ती दावा उलटा करते. प्लॉट विकू नये म्हणून मनाई हुकूम मागायचा आहे. बरोबर वाक्य: ‘द डिफेंडंट बी रिस्ट्रेन्ड फ्रॉम सेलिंग द प्लॉट.’ घाईत कोणी ‘रिस्ट्रेन्ड फ्रॉम नॉट सेलिंग’ लिहिलं, तर अर्थ होतो की प्रतिवादीला न विकण्यापासून रोखा, म्हणजे त्याला विकायलाच लावा! असा मसुदा माझ्या टेबलावर आलेला आहे, आणि तो लिहिणारी मुलगी हुशार होती. ‘विकू नये’ डोक्यात घोळत असला की तो ‘नॉट’ आपोआप कागदावर उतरतो.

२. नियम अडवतोय की व्यवस्था, ते ठरवा

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बघा. त्याच्या इंग्रजी नावात ‘प्रिव्हेन्शन, प्रोहिबिशन अँड रिड्रेसल’ असे तीन शब्द ओळीने येतात. पहिले दोन एकच असते तर दोनदा लिहिले नसते. ‘प्रोहिबिशन’ म्हणजे कायदा सांगतो की हे करायचं नाही. ‘प्रिव्हेन्शन’ म्हणजे ते घडणारच नाही अशी व्यवस्था करणं. तिसरा शब्द दोन्ही करूनही घडलंच तर दाद मागण्याचा.

संक्रांत जवळ आली की नागपुरात हा फरक रस्त्यावर दिसतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. म्हणून ‘नायलॉन मांजा इज बॅन्ड’ किंवा ‘इज प्रोहिबिटेड’ हे बरोबर. पण ‘नायलॉन मांजा इज प्रिव्हेंटेड’ चुकीचं, कारण वस्तू प्रिव्हेंट होत नाही, घटना होते. आणि दरवर्षी गळे कापल्याच्या बातम्या वाचून जे मनात येतं त्याचं इंग्रजी असं: ‘द बॅन हॅज नॉट प्रिव्हेंटेड इंज्युरीज.’ बंदी आहे, दुखापती थांबल्या नाहीत. दोन्ही शब्द एकाच वाक्यात, आपापल्या जागी.

मराठी पेपर वाचून इंग्रजी लिहिणाऱ्यांना आणखी एक खड्डा लागतो. ‘प्रतिबंधात्मक आदेश’ आणि ‘प्रतिबंधात्मक कारवाई’ हे दोन्ही आपण एकाच विशेषणाने लिहितो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या वेळी जमावबंदीचा जो आदेश निघतो तो इंग्रजीत ‘प्रोहिबिटरी ऑर्डर’. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. माणसाने काही करण्याआधीच त्याला स्थानबद्ध केलं तर ते ‘प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन’, संविधानाच्या कलम २२ मधलं. अदलाबदल चालत नाही.

‘बॅन’ आणि ‘प्रोहिबिट’ यांत फरक वजनाचा आहे. ‘बॅन’ बातमीत आणि बोलण्यात, ‘प्रोहिबिट’ कायद्यात आणि पाटीवर. ‘प्रोहिबिशन’ नुसतंच आलं तर बहुतेक वेळा दारूबंदी. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. इंग्रजीत ती ‘इम्पोज’ होते आणि ‘लिफ्ट’ होते. ‘ओपन्ड द बॅन’ असं लिहू नका, दुकानं उघडली तरी बंदी ‘ओपन’ होत नाही.

‘फॉरबिड’ जुन्या वळणाचा शब्द, त्यात अधिकाराचा आवाज आहे. संविधानाच्या कलम १७ मध्ये तो आलाय: अस्पृश्यता ‘इज अबॉलिश्ड’, आणि तिचं कुठल्याही स्वरूपातलं आचरण ‘इज फॉरबिडन’. दीक्षाभूमीच्या गावात हे वाक्य इंग्रजीतून वाचलेलं असावं असं मला वाटतं. त्यात दोन क्रियापदांनी दोन कामं केली आहेत. प्रथा कायद्याने संपवली, आणि उद्या कोणी ती पाळू म्हणेल तर त्याला मनाई केली. ‘अबॉलिश’ प्रथेला, करणाऱ्याला ‘फॉरबिड’.

३. शेपटी लावा

बहुतेक जण ‘फ्रॉम’ आणि मागोमाग ‘आयएनजी’वाले: प्रिव्हेंट, स्टॉप, प्रोहिबिट, बॅन, बार, डिबार, डिटर, डिस्करेज, रिस्ट्रेन. नमुना म्हणून संविधानाच्या कलम १५ चा तिसरा खंड पाठ करा: ‘नथिंग इन धिस आर्टिकल शॅल प्रिव्हेंट द स्टेट फ्रॉम मेकिंग एनी स्पेशल प्रोव्हिजन फॉर विमेन अँड चिल्ड्रन.’ एमपीएससीवाल्यांना हा खंड अर्थासाठी पाठ करायचाच असतो, लगे हात व्याकरणही पदरात पडतं.

‘फॉरबिड’ला ‘टू’ लागतो: ‘माय फादर फॉरबेड मी टू राइड द बाइक.’ हल्ली ‘फ्रॉम’ही दिसतो, पण ‘टू’ लिहिलं तर कोणी बोट ठेवणार नाही. ‘प्रिव्हेंट’ला मात्र ‘टू’ कधीच नाही.

‘अव्हॉइड’ला ना ‘फ्रॉम’ ना ‘टू’, थेट ‘आयएनजी’: ‘अव्हॉइड ट्रॅव्हलिंग’. ‘अव्हॉइड टू ट्रॅव्हल’ आणि ‘अव्हॉइड फ्रॉम ट्रॅव्हलिंग’ ही दोन्ही आपल्याकडची पैदास.

यातले फसवे प्रकार तीन.

‘कीप’. ‘कीप हिम फ्रॉम टॉकिंग’ म्हणजे त्याला बोलू देऊ नका. ‘फ्रॉम’ गळाला तर ‘कीप हिम टॉकिंग’, म्हणजे त्याला बोलतंच ठेवा. एका शब्दाने अर्थ थेट उलटा झाला.

कर्मणी प्रयोग. ‘द रेन प्रिव्हेंटेड अस प्लेइंग’ असं ब्रिटिश वळणाने ‘फ्रॉम’ गाळून चालतं, पण ‘वी वेअर प्रिव्हेंटेड’ लिहिलंत की ‘फ्रॉम’ टाकावाच लागतो. सोपं करायचं तर कुठेच गाळू नका.

‘स्टॉप’. ‘ही स्टॉप्ड ईटिंग’ म्हणजे खाणं बंद केलं, ‘ही स्टॉप्ड टू ईट’ म्हणजे खायला थांबला. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर थांबलेल्या माणसाबद्दल पहिलं वाक्य लिहिलंत तर त्याची प्लेट हातातच राहिली.

४. अव्हॉइड, प्रिव्हेंट, प्रोटेक्ट: उन्हाळ्यात शिका

हे तिघं मराठी माणसाला सगळ्यात जास्त छळतात. ‘टाळणे’ आपण सैल हाताने वापरतो. अपघात टाळा, ऊन टाळा, उष्माघात टाळा, सगळीकडे एकच शब्द. इंग्रजीत तीन लागतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की नागपुरात जी सूचनापत्रकं निघतात, त्यांतली तीन वाक्यं घ्या.

‘अव्हॉइड गोइंग आउट बिटवीन ट्वेल्व्ह अँड थ्री.’ दुपारी १२ ते ३ बाहेर पडू नका. ऊन आहेच, जाणारही नाही, आपण त्याच्या वाटेला जायचं नाही.

‘ड्रिंक वॉटर टू प्रिव्हेंट हीटस्ट्रोक.’ इथे उष्माघात मुळात होऊच द्यायचा नाही.

‘कव्हर युअर हेड टू प्रोटेक्ट इट फ्रॉम द सन.’ बाहेर पडलात, ऊन डोक्यावर आहे, पण दुपट्ट्यामुळे ते डोक्याला लागत नाही.

‘प्रिव्हेंट युवरसेल्फ फ्रॉम द सन’ हे वाक्य शाळांच्या परिपत्रकांत सर्रास दिसतं. ओळखायची खूण अशी: ‘प्रोटेक्ट’च्या पुढे जपायची गोष्ट येते, ‘प्रिव्हेंट’च्या पुढे नकोशी घटना. डोकं, पीक, डोळे, पोरं यांना प्रोटेक्ट करायचं. आग, चोरी, डेंग्यू यांना प्रिव्हेंट करायचं. ‘प्रिव्हेंट’च्या पुढे माणूस आलाच तर त्याच्यामागे ‘फ्रॉम’ आणि क्रिया पाहिजे: ‘प्रिव्हेंट चिल्ड्रन फ्रॉम प्लेइंग इन द सन.’ नुसतं ‘प्रिव्हेंट चिल्ड्रन’ लिहिलं तर ती कुटुंब नियोजनाची जाहिरात होते.

आणि अपघात? चालकाने ब्रेक मारून कुत्र्याला वाचवलं, तर ‘ही ब्रेक्ड टू अव्हॉइड द डॉग’. कुत्रा तिथे होताच, त्याला प्रिव्हेंट करता येत नाही. गतिरोधक घातले, सिग्नल बसवला, तर ‘टू प्रिव्हेंट अ‍ॅक्सिडेंट्स’. विम्याचा क्लेम लिहिताना हे नीट बघा. ‘आय ट्राइड टू अव्हॉइड द अ‍ॅक्सिडेंट’ म्हणजे त्या क्षणी धडक चुकवायचा प्रयत्न केला.

५. वगळणं: मुद्दाम की राहून गेलं

यादीतून नाव गेलंय आणि तक्रार लिहायची आहे. तीन क्रियापदं समोर आहेत आणि तिघांचा सूर वेगळा.

‘माय नेम वॉज ओमिटेड’: राहून गेलं, कोणावर आरोप नाही.
‘माय नेम वॉज एक्सक्लूडेड’: ठरवून वगळलं.
‘माय नेम वॉज डिलीटेड’: आधी होतं, नंतर काढलं.

मतदार यादीसाठी अर्ज असेल तर आधी जुनी यादी बघा, मग क्रियापद निवडा. पहिल्याच पत्रात ‘एक्सक्लूडेड’ लिहून टेबलापलीकडच्या माणसाला चिडवू नका, असा माझा सल्ला. ‘ओमिटेड’ने काम झालं नाही तर चढत्या क्रमाने जाता येतं. ‘ओमिट’च्या मागे ‘टू’ आला की अर्थ करायचं राहिलं असा होतो: ‘ही ओमिटेड टू साइन.’

टेंडरवाल्यांसाठी: ‘एक्सक्लूसिव्ह ऑफ जीएसटी’ आणि ‘इन्क्लूसिव्ह ऑफ जीएसटी’. दर १,००,००० लिहिला आणि जीएसटी १८ टक्के असेल, तर पहिल्यात तुम्हाला १,१८,००० मिळतात, दुसऱ्यात करही त्या लाखातूनच भरायचा. ‘एक्सक्लूसिव्ह’ला ‘ऑफ’ लागतो, ‘एक्सक्लूडिंग’ला काहीच नाही. ‘एक्सक्लूडिंग ऑफ’ हा संकर मोठमोठ्या कंपन्यांच्या कोटेशनमध्येही सापडतो.

दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्यांनी ‘रूल आउट’ घोटून घ्यावं. पावसाळ्यात डॉक्टर लॅबच्या चिठ्ठीवर ‘आर/ओ डेंग्यू’ लिहितात. तो ‘रूल आउट’चा संक्षेप आहे. म्हणजे डेंग्यूची शंका आहे, तपासा आणि नसेल तर तो विषय बंद करा. नातेवाईक चिठ्ठी वाचतात आणि ‘डेंगू निघाला’ म्हणून गावाकडे फोन लावतात. पुढच्या दोन वाक्यांत तर याहून मोठी गल्लत होते. ‘डेंग्यू वॉज रूल्ड आउट’ म्हणजे डेंग्यू नाही. ‘डेंग्यू कॅनॉट बी रूल्ड आउट’ म्हणजे असू शकतो. ‘कॅनॉट’ बघून ‘नाही’ समजू नका, इथे दोन नकार मिळून शंका जिवंत राहते. पोलिसांच्या बातमीत ‘घातपाताची शक्यता नाकारता येत नाही’ असतं ना, तेच हे. ‘रूल आउट’ शक्यतेला लागतं. यादीतल्या माणसाला ‘एक्सक्लूड’.

६. ‘बार’चा गोतावळा

कोर्टातल्या ज्युनिअरांनी इथे थोडं थांबावं. कोर्टरूममधल्या कठड्याला इंग्रजीत ‘बार’ म्हणायचे. वकिलांच्या संघटनेच्या नावातला ‘बार’ तिथलाच, सदर भागातला दारूचा ‘बार’ वेगळ्या कामाचा.

‘बार्ड’ म्हणजे कायद्याने दार बंद. १९६३ च्या लिमिटेशन अ‍ॅक्टमध्ये ‘बार’ आणि ‘एक्सक्लूड’ शेजारीशेजारी नांदतात, तिथे दोन्ही नीट कळतात. समजा दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायचं आहे आणि मुदत ३० दिवसांची आहे. कलम १२ प्रमाणे निकालाचा दिवस मोजायचा नाही, तो ‘एक्सक्लूडेड’. निकालाची नक्कल मिळवायला लागलेला वेळही ‘एक्सक्लूडेड’. एवढं वजा करूनही मुदत उलटली, तर अपील ‘बार्ड बाय लिमिटेशन’, मग उशीर माफीचा अर्ज आला. दिवस एक्सक्लूड होतात, अपील बार होतं. ‘द अपील इज एक्सक्लूडेड’ असं लिहिलेला मसुदा सरळ परत येतो.

नाम म्हणून आलं की शेपटी बदलते: ‘बार टू’. संविधानाच्या कलम ३२९ चं शीर्षक निवडणुकीच्या बाबींत न्यायालयांच्या हस्तक्षेपाला ‘बार टू इंटरफिअरन्स’ असं आहे. ‘बॅन’ नाम झालं की ‘बॅन ऑन’.

‘डिबार’ आणि ‘डिसबार’ यांत फरक भयंकर आहे. परीक्षेतून किंवा टेंडरमधून बाद केलं तर ‘डिबार्ड’. ठेकेदाराकडून ‘आम्हाला कुठेही डिबार किंवा ब्लॅकलिस्ट केलेलं नाही’ असं शपथपत्र मागतात, ते हेच. ‘डिसबार’ फक्त वकिलाला, त्याची सनद जाणं. ठेकेदाराच्या शपथपत्रात ‘डिसबार्ड’ लिहिलं तर साहेब विचारतील, तुम्ही वकिली केव्हा केली होती?

‘बारिंग’ पुष्कळ जण ‘वगळता’ म्हणून लिहितात (‘बारिंग संडे’), पण ते खरं तर ‘तसं झालं नाही तर’. ‘बारिंग रेन, द मॅच विल स्टार्ट ऑन टाइम’, पाऊस आला नाही तर जामठ्याच्या स्टेडियमवरचा सामना वेळेवर. दुकान रविवारी बंद असतं हे सांगायला ‘एक्सेप्ट संडे’ पुरे.

७. जड शब्द, थोडक्यात

‘प्रिक्लूड’चा कर्ता माणूस नसतो, परिस्थिती असते. ‘हिज इलनेस प्रिक्लूडेड हिम फ्रॉम अटेंडिंग.’ साहेबांनी तुम्हाला अडवलं तर ते प्रिक्लूड नाही.

‘डिटर’ म्हणजे परिणामांच्या भीतीने मागे सरायला लावणं. दंडाची पाटी डिटर करते, भिंत प्रिव्हेंट करते. भूतकाळात दोन ‘आर’.

‘हिंडर’ आणि ‘हॅम्पर’मध्ये काम थांबत नाही, रखडतं. रस्ता खोदून ठेवल्याने दुकानाचा धंदा हॅम्पर होतो.

‘अव्हर्ट’ संकटाला, माणसाला नाही. ‘ऑबव्हिएट’ म्हणजे गरजच उरू न देणं, त्याच्या पुढे जवळपास नेहमी ‘द नीड फॉर’. नसता वापरला तरी तुमचं काही अडत नाही.

८. पाटी आणि परिपत्रक

‘रिफ्रेन’ स्वतःला, ‘रिस्ट्रेन’ दुसऱ्याला. ‘प्लीज रिफ्रेन फ्रॉम स्पिटिंग’, कृपया थुंकू नका. खर्रा खाणाऱ्यांच्या शहरात ही पाटी दर जिन्यावर लागते, निदान बरोबर तरी लागावी. ‘प्लीज रिस्ट्रेन फ्रॉम स्पिटिंग’ चूक. ‘रिफ्रेन’ला कर्म नसतं, म्हणून ‘वी रिफ्रेन्ड हिम’ हेही चूक.

‘रिस्ट्रिक्टेड’ म्हणजे मर्यादित, बंद नव्हे. ‘एंट्री इज रिस्ट्रिक्टेड टू स्टाफ’: फक्त कर्मचाऱ्यांना प्रवेश. कोणालाच सोडायचं नसेल तर ‘एंट्री प्रोहिबिटेड’. ‘यू आर रिस्ट्रिक्टेड फ्रॉम एंटरिंग’ ऐवजी ‘यू आर नॉट अलाउड टू एंटर’ लिहा. साधं आहे आणि चुकायला जागा नाही.

९. प्रिंट काढण्याआधी

मसुद्यात या घराण्यातलं प्रत्येक क्रियापद पेन्सिलने गोल करा आणि त्याच्या पुढचा शब्द बघा. ‘प्रिव्हेंट’नंतर जपायची वस्तू आली असेल तर ‘प्रोटेक्ट’ करा. ‘अव्हॉइड’नंतर ‘टू’ किंवा ‘फ्रॉम’ असेल तर काढा. शंका राहिलीच तर ‘स्टॉप’ वापरून वाक्य पुन्हा लिहा, निम्म्या वेळा तेच जास्त बरं वाचतं. शेवटी कंट्रोल आणि एफ दाबून ‘फ्रॉम नॉट’ आणि ‘प्रिव्हेंट टू’ शोधा. दोन्हींचा निकाल शून्य आला की साहेबांकडे सहीला पाठवा.